अकराव्या पानापर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि ही जाड वही, एवढा संसार घेऊन सकाळी बसमधून उतरले आणि साडेदहाला कोर्टाच्या पायऱ्यांवर हजर झाले. खोली झकास आहे. कोर्टाच्या मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. दिवसभर टकटक चालू असते. घरमालकीण म्हणाली, आवाजाचा त्रास होईल हो तुम्हाला. मला हसू आलं. मी शिंप्याची मुलगी. असल्याच आवाजात लहानाची मोठी झाले.

नोकरी सहा महिन्यांची. कोर्टाच्या अभिलेख कक्षात, म्हणजे निकाल लागलेल्या खटल्यांचे कागद जिथे ठेवतात त्या दालनात, लोकांना मदत करायला एक खिडकी उघडली आहे. तिच्यामागे मी. ज्या बाईने वीस वर्षं मैदानं गाजवली, तिला खिडकीमागे बसवणारा तो घशाचा डॉक्टर! स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणाला. सहा महिने मोठ्याने बोलायचं नाही, भाषण तर नाहीच नाही, नाहीतर आवाज जाईल तो कायमचा. जरूर तेवढं हळू बोला, बाकी लिहून दाखवा. म्हणून ही वही. पुढून लोकांशी बोलायला, मागून रोजनिशी.

कक्षाचे प्रमुख म्हणजे मोजणीकाका. खरं नाव इथे कुणालाच आठवत नाही. निवृत्तीला दोन महिने उरलेत. त्यांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, बरं झालं, इथे कागदांनी बोलायचं आणि माणसांनी गप्प बसायचं असतं. शेजारच्या टेबलावर नक्कलबाई, नकला टंकून देणाऱ्या. त्या लगेच म्हणाल्या, काका स्वतः सोडून बाकी सगळ्यांनी गप्प बसावं असं म्हणतायत ते.

मला ही माणसं आवडली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज काम शिकले. लिहून ठेवते, कारण हे प्रत्येक माणसाला शाळेत शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे. खटला लोकांच्या नावाने चालतो, शिक्षा लोकांच्या नावाने होते, मग कागद लोकांपासून लपवायचा कुणी आणि का?

तर फौजदारी खटल्याचा कागद हवा असेल तर चार गोष्टी लागतात: आरोपीचं पूर्ण नाव, खटल्याचं वर्ष, कुठल्या कोर्टात चालला ते, आणि खटल्याचा क्रमांक. क्रमांक बहुतेकांकडे नसतोच. हरकत नाही. नावांच्या सूचीची नोंदवही असते, वर्षावर आणि आद्याक्षरावर लावलेली. तिथे नाव सापडलं की समोर क्रमांक, आणि क्रमांकावरून मांडणी, कप्पा, जागा. मग अर्ज. नुसता खटल्याचा कागद हवा असं लिहिलं की अर्ज परत येतो. निकालपत्र हवं, की साक्षी, की आरोपपत्र, ते स्पष्ट लिहायचं. नुसतं वाचायचं असेल तर पाहणीचा अर्ज, दुसरीकडे दाखवायचं असेल तर शिक्क्याच्या नकलेचा. ठरलेल्या तारखेला स्वतः येऊन सही करून न्यायचं. कुणी नेली नाही तर नक्कल नक्कलबाईंच्या मागच्या पेटीत पडून राहते. वर्षानुवर्षं.

आणि जागाचिठ्ठी! ही युक्ती मला फार आवडली. एखादी फाइल बाहेर काढली की तिच्या जागी एक जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी उभी करायची. तिच्यावर दोन सह्या. वर ‘नेले’, खाली ‘वाचले’. फाइल वाचून परत आली, खाली सही झाली, की चिठ्ठी काढून फाडायची. कप्प्यातली जागा रिकामी म्हणून ठेवायचीच नाही. एक तर फाइल, नाहीतर माणसाचं नाव.

रोज पाचच्या जरा आधी काका मोजणीला निघतात, पाचच्या ठोक्याला संपवतात. हातात छडी, प्रत्येक फाइलीच्या पाठीवर टक, टक, आणि डोळे चक्क मिटलेले. नक्कलबाई म्हणतात, देवळात फिरतात तसे फिरतात. रिकामी जागा लागली तर काका थांबतात, नोंदवही उघडतात, त्या दिवशी त्या मांडणीशी शेवटचं कोण गेलं ते बघतात आणि त्याच्या नावाची चिठ्ठी लिहून तिथे लावतात. मग पुढे. शेवटी एकच वाक्य: मोजणी पूर्ण.

असली शिस्त देशाला लागली तर काय बहार होईल!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक बाई आल्या होत्या. मुलगा नऊ वर्षांपूर्वी मारामारीच्या खटल्यात निर्दोष सुटला, पण नवीन नोकरीवाले निकाल बघायला मागतात. क्रमांक नाही, वर्षही नक्की नाही. म्हणाल्या, त्या वर्षी माझा दात काढला होता एवढंच आठवतं. दोन वर्षांच्या सूच्या चाळल्या, नाव सापडलं, अर्ज लिहून दिला. जाताना त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि विचारलं, तुमचंही कुणी आहे का हो या कागदांत?

आहे. त्याचसाठी तर आले. इतके दिवस वहीतही लिहायचं टाळत होते.

माझा दादा. मी तेरा वर्षांची होते तेव्हा त्याच्यावर लाकडाची वखार पेटवल्याचा आरोप आला. आत झोपलेला एक कामगार गेला. दादा एकोणीस वर्षांचा. खटला याच कोर्टात चालला, कारण आमचं गाव इथून बसने दोन तास. बाबांची साक्ष झाली. त्यांना विचारलं, त्या संध्याकाळी मुलगा किती वाजता घरी आला? बाबांना खोटं बोलता यायचं नाही. कापडात अर्धी वीत जास्त निघालं तर गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन देणारा माणूस. ते म्हणाले, साडेआठला. आग लागली होती आठला.

दादाला शिक्षा झाली. दुसऱ्याच वर्षी तुरुंगात तापाने गेला. तेरावा दिवस होता की चौदावा, आठवत नाही, आई बाबांना म्हणाली, तुमच्या तोंडानं गेला माझा मुलगा. एवढंच. पुन्हा कधी बोलली नाही. त्यानंतर महिन्याभराने बाबा म्हणाले, मी कोर्टात जाऊन निकाल वाचून येतो, माझ्या शब्दाने गेला की कशाने ते मला बघायचं आहे.

गेले ते परत आलेच नाहीत. सत्तावीस वर्षं झाली. गाव म्हणालं, तोंड लपवून पळाला. मीही तेच म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, गाजवलं. माझ्या प्रत्येक भाषणाच्या शेवटी एक वाक्य असायचं: माझे वडील पळाले, मी पळणार नाही. त्या वाक्यावर टाळ्या पडल्या नाहीत अशी सभा आठवत नाही.

आता आईला नीट दिसत नाही. ती आजही बाबांच्या कात्रीला तेल लावून ठेवते, त्या कात्रीने कुणाला कागदसुद्धा कापू देत नाही. गेल्या महिन्यात म्हणाली, तू तो निकाल आण आणि मला वाचून दाखव. मरण्याआधी मला कळू दे, मी त्यांना बोलले ते खरं होतं की नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

दादाचं नाव सापडलं. सूचीत, आद्याक्षराच्या चौथ्या पानावर, निळ्या शाईत, वळणदार. माझ्या दादाचं नाव इतक्या सुंदर अक्षरात कुणी लिहिलं असेल असं वाटलं नव्हतं. मांडणी एकोणीस, तिसरा कप्पा, जागा तेवीस.

काकांना सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत एकटीच गेले. एकोणिसावी मांडणी अगदी आत, शेवटच्या जाळीच्या खिडकीखाली. भर दुपारीही तिथे सावली. बोटाने मोजत गेले. एकवीस, बावीस. तेवीसच्या जागी फाइल नव्हती. जागाचिठ्ठी होती.

‘नेले’समोर सही होती.

ती सही मी शिकवली आहे. मी नऊ वर्षांची असताना, कपड्याच्या मापाच्या वहीत, अक्षरावर बोट ठेवून. बाबांना लिहितावाचता यायचं नाही. मी शिकवलं. त्यांच्या सहीतली वेलांटी उलटी पडते. कितीदा सांगितलं, सुधारली नाही. चिठ्ठीवर उलटी वेलांटी आहे. खाली तारीख, ते घरातून गेले त्या दिवसाची.

‘वाचले’समोर कोरं.

ते आले होते. पळाले नव्हते. इथे आले होते, आणि अर्ज करून, सही करून, रीतीने फाइल घेतली होती. मी त्या अंधाऱ्या मांडणीशी तोंडावर हात दाबून उभी होते. रडण्याचा आवाजही डॉक्टरने मना केला आहे.

मग सहीवरून बोट फिरवलं. बोटाला शाई लागली.

सत्तावीस वर्षांपूर्वीची सही. ओली होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काकांपुढे वही धरली. लिहिलं होतं: मांडणी एकोणीस, जागा तेवीस, ही चिठ्ठी माझ्या वडिलांची आहे, ते कुठे आहेत?

वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला. चहाचा कप ठेवायला टेबल सापडेना त्यांना. मग दार लोटून हळूहळू बोलू लागले. तेव्हा ते नवे होते, हाताखाली. मोजणी त्यांचे साहेब करायचे. त्या दिवशी सकाळीच एक शिंपी आला, गळ्यात टेप तशीच, घाईत काढायची राहिलेली. त्याला फाइल दिली. तो त्या वाचनाच्या टेबलाशी बसला आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागला. साहेब चिडवून म्हणाले, या गतीने पुढच्या वर्षी संपेल बुवा. तर तो हसून म्हणाला, माझी मुलगी येतेय दुपारच्या बसने, ती घडाघडा वाचून दाखवेल. तोवर जमेल तेवढं वाचतो.

दुपारची बस आली. गेली. तो दारापर्यंत जाऊन बघून आला, चार वेळा. पुन्हा बसला. पाच वाजत आले. त्याने फाइल उचलून एकोणिसाव्या मांडणीशी नेली, जाळीतून थोडा उजेड येत होता म्हणून, तिथे उभ्याने वाचू लागला. साहेब मोजायला निघाले. माणसाला हटकायचं राहिलं. तेवीसची जागा लागली, चिठ्ठी लागली, छडी टेकवली आणि म्हणाले, मोजणी पूर्ण.

काका म्हणाले, बाई, मी तिथेच होतो. छडी टेकली आणि माणूस नव्हता. फाइल खाली पडलेली, अकराव्या पानावर उघडी. बाजूला चष्मा.

साहेबांनी फाइल परत जागी ठेवली नाही. ठेवली असती तर चिठ्ठी फाडावी लागली असती आणि माणसाचा हिशेब द्यावा लागला असता. कपाटात दडवली, पुढे जुने कागद नष्ट करायच्या यादीत घातली. ती आता नाही. आहे ती फक्त चिठ्ठी. म्हणून मी डोळे मिटून मोजतो, म्हणाले. तेवीसला छडी टेकवताना बघवत नाही मला.

मी ओरडले. हो, ओरडले, डॉक्टर गेला खड्ड्यात. सत्तावीस वर्षं, काका? सत्तावीस वर्षं तुम्ही माझ्या बापाच्या पाठीवर छडी मारताय आणि निवृत्तीचे दिवस मोजताय? नक्कलबाई धावत आल्या. काका मान खाली घालून उभे राहिले. पण आरडाओरडा करताना मला आतून ठाऊक होतं की मी कुणावर ओरडते आहे.

बाबांनी त्या दिवशी मला विचारलं होतं. चल माझ्याबरोबर, कोर्टाची भाषा मला उलगडायची नाही, तू वाच. माझी त्या दिवशी वक्तृत्वस्पर्धा होती. आणि खरं सांगायचं तर लाज वाटत होती, बोट ठेवून वाचणाऱ्या बापाबरोबर कोर्टात बसायची. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच.

गेले नाही. पहिला क्रमांक मिळाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आईला फोन केला. काय सांगायचं ठरवलं होतं, सांगता आलं नाही. तिने विचारलं, कागद मिळाला का? म्हटलं, शोधतेय. ती म्हणाली, तुझा आवाज बसलाय, गरम पाण्याने गुळण्या कर.

दुपारी चारनंतर पुन्हा मांडणीशी गेले. चिठ्ठीशी कान नेला.

कुणीतरी वाचत होतं.

फार हळू. अक्षर, मग थांबणं, मग अक्षर. ओठ हलवत वाचतात तसा, श्वासाचाच आवाज. मला प्रत्येक शब्द आधी ओळखू यायचा आणि मग तो लागायचा, लहानपणी व्हायचं तस्संच. लहानपणी मी कंटाळून पुढचा शब्द सांगून टाकायचे. ‘आ-रो-पी-चे व-डी-ल’ इथवर आलं. थांबलं. पान उलटल्याचा आवाज झाला नाही.

आणि पुन्हा पहिल्यापासून. खटल्याचा क्रमांक. दादाचं नाव.

त्यांच्याकडे अकराच पानं आहेत. त्यांचीच साक्ष जिथे सुरू होते तिथे संपतात.

सत्तावीस वर्षं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज चिठ्ठी जराशी बाजूला केली. करायला नको होती.

मागे अंधार असायला हवा होता, भिंत असायला हवी होती. बोट होतं. शिंप्याचं, टोकाला सुईच्या टोचण्यांनी घट्टे पडलेलं, खडूने पांढरं झालेलं. हवेत एका ओळीवरून सरकत होतं. बोटामागे मनगट, मनगटामागे बाही, आणि सगळं एका फाइलीच्या जाडीचं. दाबून बसवल्यासारखं. छातीवरून नाडी बांधलेली, फाइलीला बांधतात तशी, गाठ मारून.

मी हात घातला. धरायला. गारठा असा की हाड दुखलं. हात ओढून घेतला तर मनगटावर नाडीचा वळ होता.

अजून आहे. साबणाने जात नाही.

काका म्हणाले, पाचच्या आधी तिथून बाहेर यायचं. काही झालं तरी पाचच्या आधी. मी विचारलं, मोजणी एक दिवस थांबवा की. म्हणाले, एकदा थांबवली होती. काय झालं ते सांगितलं नाही. छडी उचलून निघून गेले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नक्कलबाई!

त्या बिचाऱ्या रात्री झोपल्या नाहीत म्हणे. सकाळी सातलाच येऊन मागची पेटी उपसली. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. त्या दिवशीच्या नोंदीत बाबांचे दोन अर्ज आहेत. एक पाहणीचा आणि एक नकलेचा. नक्कल तयार झाली होती, न्यायला कुणी आलं नाही, पेटीत पडून राहिली. त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. अठरा पानं. शिक्का. बाबांचं नाव.

सतरावं पान आधी उघडलं. इथे उतरवते:

‘आरोपीच्या वडिलांची साक्ष प्रामाणिक आहे. परंतु तिच्यावरून आरोपीविरुद्ध काहीही सिद्ध होत नाही. ही साक्ष बाजूला ठेवली तरी इतर पुराव्यावरून निकाल हाच राहिला असता.’

दादाने केलं होतं. वखारीतल्या दोघांनी त्याला डबा घेऊन पाहिलं होतं, त्याचा भाजलेला हात डॉक्टरने पाहिला होता. ते सगळं आहे त्यात. पण बाबांच्या शब्दाने तो गेला नाही. आईचं खोटं होतं. गावाचं खोटं होतं. माझ्या टाळ्यांचं वाक्य खोटं होतं. खरं काय ते सहा पानं पुढे लिहिलेलं होतं, आणि त्या माणसाला ते वाचून दाखवायला कुणी आलं नाही.

नक्कलबाई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, बाई, रडा आता, डॉक्टरला मी बघून घेते.

१६ फेब्रुवारी, रविवार

कोर्ट बंद. खोलीच्या खिडकीत बसून कोर्टाच्या त्या जाळीकडे बघते आहे. खालचा मशीनवालाही आज नाही, गल्ली शांत. या शांततेत इथपर्यंत ऐकू येतंय. अक्षर. थांबणं. अक्षर.

काकांशी ठरलं आहे. बारापासून अठरापर्यंत वाचून दाखवायचं. बाबांनी ‘वाचले’समोर सही केली की चिठ्ठी निघते. जागा रिकामी होईल, तिथे ही नक्कल ठेवायची. शिक्का आहे, मुळासारखीच चालेल म्हणाले. जागा रिकामी लागली तर माझा हात आपोआप नोंदवहीतलं शेवटचं नाव लिहितो, थांबवता येत नाही, म्हणाले, म्हणून पाचच्या आत दोघांनी बाहेर.

सोपं आहे. इतकं सोपं की भीती वाटते.

वळ आता कोपरापर्यंत आला आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जमलं नाही. गेले, नक्कल उघडली, आणि आवाज फुटेना. नुसती हवा. मी! हजारोंच्या सभेत ध्वनिवर्धक बंद पडला तरी न थांबणारी मी.

आतलं वाचणं थांबलं. ऐकत होते. कुणीतरी आलंय हे कळलं त्यांना. खूप वेळ वाट पाहिली. मग पुन्हा पहिलं पान.

पावणेपाचला नक्कलबाईंनी मला ओढून बाहेर काढलं. नाहीतर—

उद्या. गरम पाण्याने गुळण्या करते आहे, आई.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ३.४०. मांडणी एकोणीस. नोंदवहीत नाव लिहिलं, आत आले. वही बरोबर घेतली आहे, आवाज गेला तर लिहून दाखवायला. नक्कलबाईंना दाराशी थांबवलं आहे.

३.५५. फुटला. घोगरा, फाटका, पण फुटला. बारावं पान वाचलं. आतलं बोट थांबलंय. प्रत्येक शब्दावर श्वास घेतायत.

४.२०. चौदा. घशात रक्ताची चव. त्यांना ‘प्रतिपृच्छा’ कळलं नाही. बोट तिथेच. म्हणजे उलटतपासणी, सांगितलं. पुढे सरकले.

४.३५. सतरा. वाचलं. दोनदा वाचलं. ‘प्रामाणिक आहे.’ पुन्हा वाच म्हणाले. शब्द नव्हते, बोट मागे आणलं. तिसऱ्यांदा वाचलं—आवाज संपला. शेवटची ओळ आणि अठरावं पान ओठांनीच.

नाडीची गाठ सुटतेय.

४.४४. उभे आहेत. माझ्यासमोर. गळ्यात टेप. सेहेचाळीस वर्षांचे. माझ्याहून पाचच वर्षांनी मोठे. माझे पांढरे केस बघत होते. वाटलं, ओळखणार नाहीत. म्हणाले, बस चुकली होय गं?

रागावले नाहीत. बस चुकली, एवढंच. सत्तावीस वर्षं त्यांनी हेच धरून ठेवलं होतं, की पोरीची बस चुकली असेल.

४.५०. सही केली. उलटी वेलांटी. चिठ्ठी गळून पडली. जागा रिकामी. आता नक्कल आत ठेवायची—

नक्कल त्यांच्या हातात आहे. घडी घालतायत. चार घड्या, शर्टाच्या खिशात. वर हात दाबून धरलाय. आईला दाखवतो म्हणतायत. हे तिला दाखवायलाच हवं. लहान मुलासारखा चेहरा झालाय.

मागायला हवी. मागता—

४.५४. छडीचा आवाज. पहिली मांडणी.

तो कागद आईसाठी आहे. ती वाट बघते आहे. मी कसा मागू.

४.५६. चला म्हणतात. हात पुढे केलाय. माझा हात उचलत नाही, बाही कप्प्याला चिकटली आहे, वळ खांद्यापर्यंत, मागून काहीतरी गच्च आवळलं. त्यांना दिसू द्यायचं नाही. दिसलं तर कागद परत ठेवतील. ते तसेच आहेत.

दाराशी पोचले. वळून बघितलं. येतेस ना?

ओठांनी म्हटलं. तुम्ही व्हा पुढे, मी आलेच.

हसले. गेले. नक्कलबाईंचा आवाज आला, अगबाई—मग पायऱ्यांवर त्यांच्यामागे त्याही. धावतायत. शेवटची बस मिळेल त्यांना. मिळेल.

४.५९. अठरावी मांडणी. पलीकडच्या मांडणीशी काका. डोळे मिटलेले. काका, बघा ना—आवाज नाही. एकदा बघा—

टक. टक. एकोणीस. वीस, एकवीस, बावीस

थांबले. नोंदवही उघडली. पान उलटतंय. लेखणीचा आवाज

आई, दार उघड. ते आलेत. कागद खिशात आहे, त्यांना हळूहळू वाचू दे, मध्ये बोलू नकोस, त्यांना वेळ लागतो

सगळ्या सभांना सांगा. माझे वडील पळाले नव्हते. मी पळ—